प्रतिजैव पदार्थांच्या सहक्रियेचे परीक्षण

प्रतिजैव पदार्थांच्या सहक्रियेचे परीक्षण : दोन प्रतिजैव पदार्थांचा एकत्रित परिणाम त्यांच्या स्वतंत्र परिणामांवरून अपेक्षित असेल त्यापेक्षा अधिक झाल्यास त्यास सहक्रिया आणि एकाने दुसऱ्याची क्रिया क्षीण केल्यास त्यास विरोधी क्रिया म्हणतात. एंटेरोकॉकस जंतूंमुळे होणाऱ्या हृदयाच्या अंतःस्तराच्या शोथात (दाहयुक्त सुजेत) पेनिसिलीन जंतूची कोशिकाभित्ती दुर्बल करते व त्यामुळे एरवी आत फारसे न शिरणारे स्ट्रेप्टोमायसीन कोशिकेत पोहोचते. हे सहक्रियेचे अभिजात उदाहरण होय. याउलट न्यूमोकॉकसजन्य मस्तिष्कावरणशोथात पेनिसिलिनाच्या जोडीला क्लोरटेट्रासायक्लीन दिल्यास अधिक रुग्ण दगावतात, असे लेपर व डाउलिंग यांना १९५१ मध्ये आढळून आले. औषधरोधी जंतूंवर एकेक औषध निष्प्रभ ठरते, तेव्हा योग्य जोडी निवडण्यासाठी पुढील पद्धती वापरतात.

(१) बुद्धिबळपट पद्धती : ९६ खळग्यांच्या पात्रात एका औषधाची संहती (विद्रावातील प्रमाण) आडव्या व दुसऱ्याची उभ्या दिशेने निमपटीने कमी करीत नेतात. जंतूंची वाढ रोखणारी किमान संहती औषध एकटे असताना व जोडीत असताना किती, याचे गुणोत्तर काढून दोन्ही औषधांच्या गुणोत्तरांची बेरीज करतात. उदा., एकाची संहती १६ वरून २ वर व दुसऱ्याची ८ वरून १ वर आल्यास बेरीज ०·२५ येते. बेरीज ०·५ वा त्याहून कमी असल्यास सहक्रिया व ४ हून अधिक असल्यास विरोधी क्रिया मानतात. या पद्धतीत वाढ थांबली एवढेच कळते. जंतू मेले की नाहीत, हे कळत नाही.

(२) कालानुसारी जंतुनाश पद्धती : हीत ठराविक कालांतराने जिवंत जंतू मोजतात. अधिक प्रभावी अशा एकट्या औषधाच्या तुलनेने २४ तासांनंतर जोडीमुळे जंतुसंख्या निदान १०० पटींनी कमी झाल्यास सहक्रिया मानतात. माहिती अधिक मिळते. परंतु श्रम फार पडतात व मोजक्याच संहती तपासता येतात.

(३) प्रवणता पट्टी पद्धती : क्रमाने बदलत जाणाऱ्या संहतीच्या दोन औषधी पट्ट्या जंतू पसरलेल्या आगरावर काटकोनात ठेवतात. ही पद्धती सोपी असली, तरी पट्ट्या महाग असतात.

मापनाचा विषयच भिन्न असल्याने एकाच जंतूबाबत या पद्धतींचे निष्कर्ष पुष्कळदा जुळत नाहीत. शिवाय परीक्षानळीत रुग्णाची प्रतिकारशक्ती नसते व औषधाची संहती शरीरातल्याप्रमाणे चढउतार करीत नाही. कोलिस्टीन व मेरोपेनेम यांची सहक्रिया प्रयोगशाळेत वारंवार दिसली होती. तथापि कार्बापेनेमरोधी जंतूंनी बाधित ४०६ रुग्णांवरील, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत उपचार अयशस्वी होण्याचे प्रमाण केवळ कोलिस्टिनाने ७९%, तर जोडीने ७३% आढळले व हा फरक सांख्यिकीय दृष्ट्या अर्थपूर्ण ठरला नाही. म्हणून सहक्रियेचे परीक्षण हे जोडी निवडण्यास मार्गदर्शक होय. तिच्या गुणाची अंतिम कसोटी रुग्णावरील परिणाम हीच होय.