बिरड्याचा सण आणि हिब्रूचा वर्ग

मोठ्यांच्या शाळा : लेखांक सहावा

छत्तीसगडातल्या बोरसीचा मराठी माणूस मुंबईला निघाला की दुर्गला हावडा-मुंबई मेलमध्ये बसतो. प्रवासाच्या शेवटच्या तासात ठाणे मागे पडते, मग भायखळा, आणि गाडी सीएसएमटीत शिरण्याच्या अगदी आधी एक स्थानक न थांबता निघून जाते. फलाटावरची पाटी म्हणते ‘मशीद’. सामान खाली उतरवण्याच्या गडबडीत तिच्याकडे कोण बघतो? पण या तिन्ही ठिकाणी सिनेगॉग आहेत, म्हणजे यहुदी लोकांची प्रार्थनामंदिरे. तिसऱ्या स्थानकाचे नाव तर जवळच्या सिनेगॉगवरूनच पडले असे सांगतात, कारण तिथे जाणारे मराठी यहुदी स्वतःच त्याला मशीद म्हणत.

मागच्या आठवड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली सुरू केलेली रात्रशाळा आपण पाहिली. दिवसभर राबणाऱ्यांना अक्षरओळख करून देणे हा तिचा उद्देश होता. आजची शाळा वेगळी आहे. इथले विद्यार्थी मराठी वाचत-लिहीत होते, काहीजण इंग्रजीही. त्यांना शिकायचा होता तो स्वतःचाच धर्म, आणि तोही मोठेपणी. बोरसीच्या आसपास असा वर्ग सापडणार नाही. त्यासाठी कोकणातच जायला हवे.

कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची आठवण अशी, की पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले आणि सात जोडपी तेवढी वाचली. पुढे ही माणसे कुलाबा जिल्ह्याच्या गावागावांत पसरली आणि गावांचीच नावे लावू लागली : पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर, झिराडकर. धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. मुलांची सुंता होई, आणि हिब्रूतला एक ‘शमा’, म्हणजे देव एकच असल्याची ग्वाही देणारा पाठ, तोंडपाठ असे. लग्न असो की मयत, तोच म्हणायचा. तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तके, त्यांच्याजवळ नव्हती. हिब्रू वाचणारा माणूसही नव्हता.

सण मात्र होते, आणि त्यांची नावे अस्सल कोकणी घरातली. वर्षाच्या सुरुवातीचा ‘नवियाचा सण’. कडक उपासाच्या दिवशी दारे लावून घरात बसायचे, म्हणून ‘दारफाळणीचा सण’. आणि पावसाळ्यात ‘बिरड्याचा सण’. त्या दिवशी वालाचे बिरडे व्हायचे. वाल भिजवायचे, मोड आणायचे, एकेक दाणा सोलायचा. हे किती वेळखाऊ काम आहे ते कोकणातल्या कुठल्याही घरात विचारावे. मग कोचीनहून शिकलेली यहुदी माणसे आली आणि त्यांनी सांगितले, की हा आव महिन्याचा नववा दिवस. जेरुसलेमचे मंदिर पडल्याचा हा शोक. रोमनांनी ते इसवी सन ७० मध्ये पाडले. पिढ्यान्‌पिढ्या बिरडे सोलणाऱ्या हातांना ते कोणाच्या सुतकाचे, हे तेव्हा कळले.

या समाजात मोठ्यांचे धर्मशिक्षण म्हणजे हेच. देवाचे नाव काय हे सांगायची गरज नव्हती. घरात चाललेल्या गोष्टीचे नाव आणि कारण सांगायचे होते.

पहिल्या गुरूची गोष्ट लोककथेसारखी सांगितली जाते. दावीद रहाबी नावाचा कोचीनचा एक पाहुणा आला. ही माणसे यहुदी आहेत का, याची परीक्षा घ्यायला त्याने बायकांपुढे मासळीची टोपली ठेवली. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे वेगळे काढले आणि बाकीचे बाजूला सारले. यहुदी धर्मात बिनखवल्याचा मासा वर्ज्य, म्हणजे कोकणातला शिंगाळा किंवा मुशी ताटात येणार नाही. पाहुण्याची खात्री पटली. मग त्याने काही तरुण निवडून त्यांना शिकवले आणि त्यांच्याकडे काझीपण, म्हणजे समाजाच्या धर्मकार्याचा अधिकार, दिले. हा रहाबी कोणत्या शतकातला, यावर अभ्यासकांत शतकानुशतकांचे अंतर आहे : कोणी त्याला हजार वर्षे मागे नेतात, कोणी अठराव्या शतकात आणतात. परीक्षा घेणारा परका आणि उत्तर देणाऱ्या स्वयंपाकघरातल्या बायका, एवढे मात्र सगळ्या तपशिलांत कायम राहते.

मुंबईचे पहिले सिनेगॉग १७९६ चे. ते बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर, घरगुती नाव समाजी हसाजी, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत हुद्देदार होते. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटलो तर प्रार्थनामंदिर बांधीन, असा त्यांचा नवस होता असे सांगतात. मांडवीतले ‘शार हारहमीम’, दयेचे द्वार, उभे राहिले, आणि त्याच्या रस्त्याला पुढे सॅम्युएल स्ट्रीट हे नाव मिळाले. इमारत झाली तरी तीत वाचायला तोराच्या गुंडाळ्या हव्यात. त्या आणायला दिवेकर कोचीनला गेले आणि १७९७ मध्ये तिथेच वारले. मंदिर आधी झाले. त्यात वाचायचे काय आणि वाचणार कोण, हे प्रश्न नंतरचे.

ते सोडवायला अनेक हात लागले, आणि त्यांतले काही अगदी अनपेक्षित होते. अमेरिकन मराठी मिशनच्या पाद्र्यांनी कोकणात शाळा काढल्या, त्यांत बेने इस्राएल मुले मोठ्या संख्येने आली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले. मिशनऱ्यांचा हेतू उघड होता : जुना करार वाचला की माणूस नव्या कराराकडे येईल. झाले उलटेच. लोकांनी व्याकरण घेतले, मराठी बायबल घेतले आणि आपल्या सिनेगॉगकडे परतले. ख्रिस्ती झालेले फार थोडे. रेवदंडा १८४२, अलिबाग १८४८, पनवेल १८४९, पेण १८६३, ठाणे १८७९ : मिशन शाळांच्या त्याच काळात कोकणपट्टीत एकामागून एक सिनेगॉग उभे राहिले. दुसऱ्याच्या पाठ्यपुस्तकावर स्वतःचा धर्म पक्का करण्याचे असे उदाहरण विरळाच.

पुढच्या पिढीत शिक्षक घरचेच झाले. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी प्रार्थनापुस्तके मराठीत आणली आणि मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक म्हणूनही काम केले. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी १८७५ मध्ये समाजाची शाळा काढली, तीच पुढे सर एली कदूरी हायस्कूल झाली. समाजाचा इतिहासही किहीमकरांनीच लिहिला, पण तो छापून आला १९३७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, तेल अवीवला.

पुण्याला १८७४ मध्ये निघालेली हग्गादा पाहण्यासारखी आहे. हग्गादा म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री जेवणाच्या पंगतीत वाचायची पोथी. मिसर देशाच्या गुलामीतून सुटल्याची कथा तीत असते. या प्रतीत हिब्रू आणि मराठी दोन्ही आहे, आणि चित्रांत बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकऱ्या लाटताना दिसतात. या पोथीत चार मुलगे येतात : शहाणा, आडमुठा, भोळा, आणि ज्याला प्रश्नच विचारता येत नाही असा चौथा. पहिले तिघे विचारतात म्हणून त्यांना उत्तर मिळते. चौथ्याला बापाने आपणहून सांगायचे असते. मोठ्यांच्या वर्गात बसणारे बहुतेक लोक आपण चौथ्यातले, असे मानून आलेले असतात.

आता वर्ग. मराठी माणसाला हिब्रू शिकताना पहिला धक्का दिशेचा. वही मागून उघडायची आणि उजवीकडून डावीकडे जायचे. दुसरा धक्का स्वरांचा. मुळाक्षरे बावीस, सगळी व्यंजने. स्वर हवे तर अक्षराच्या खाली-वर ठिपके आणि रेघा द्यायच्या. ‘काना-मात्रा वेगळी लिहायची, एवढेच’ असे शिक्षकाने म्हटले की खांदे सैल होतात. पण तोराच्या गुंडाळीत ही काना-मात्राही नसते, आणि वाचणाऱ्याला उच्चार आठवावा लागतो. मग येते पोटातले टिंब. ‘बेत’ अक्षराच्या पोटात टिंब असेल तर ‘ब’, नसेल तर ‘व’. ‘काफ’चे तसेच : टिंब असेल तर ‘क’, नसेल तर घशातला ‘ख’. छत्तीसगडात वाढलेल्या मराठी मुलाला ही अडचण पटकन समजेल. शाळेतल्या हिंदीत ‘ड’खालच्या नुक्त्यासाठी त्यानेही पट्टी खाल्लेली असते.

एका ठिकाणी मात्र मराठी माणूस इंग्रजीवाल्यापेक्षा पुढे असतो. ‘मी शिकतो’ म्हणजे ‘अनी लोमेद’ आणि ‘मी शिकते’ म्हणजे ‘अनी लोमेदेत’. बोलणारा पुरुष की बाई यावर क्रियापद बदलते, हे न्यूयॉर्कच्या माणसाला समजावून सांगावे लागते. अलिबागच्या माणसाला सांगितले तर तो विचारील, ‘मग दुसरे काय होणार?’

उच्चारांवर आजही वाद होतात. जुनी माणसे ‘शब्बाथ’ म्हणतात, इस्राएलमध्ये शिकून आलेले ‘शब्बात’. चूक कोणाचीच नाही. शेवटच्या अक्षराचा जुना ‘थ’ आधुनिक हिब्रूत ‘त’ झाला, पण ‘बेथ एल’, ‘तिफेरेथ इस्राएल’ या सिनेगॉगांच्या नावांत तो तसाच टिकून आहे.

वर्गाला वही-पेन्सिल लागते. सगळ्यांकडे ती नव्हती, आणि हवीही नव्हती. १८८० साली मुंबईत काही बेने इस्राएल मंडळींनी कीर्तनाची मंडळी काढली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यांतले एक ठळक नाव. आडनाव रोह्याजवळच्या अष्टमीचे. आब्राहाम आणि योसेफ यांच्या कथा साकी, दिंडी, आर्या, ओव्यांत बांधल्या गेल्या. भावांनी विहिरीत ढकललेला योसेफ मिसरचा कारभारी होतो आणि दुष्काळात तेच भाऊ धान्य मागायला त्याच्या दारी येतात, ही गोष्ट पूर्वरंग-उत्तररंगाच्या साच्यात किती चपखल बसते ते वेगळे सांगायला नको. श्रोते बापये, बायका, मुले, सगळेच. हिब्रूचे एक अक्षर न येणाऱ्या माणसाला त्या एका रात्रीत उत्पत्तीच्या पुस्तकाचा मोठा भाग ऐकायला मिळत असे. समाजातला सर्वांत यशस्वी प्रौढवर्ग कुठला असे विचारले, तर राजपूरकरांचा मान राखूनही कीर्तनाकडे बोट दाखवावे लागेल. या गाण्यांच्या वह्या पुढे बायकांनी जपल्या. अलीकडे संगीताच्या अभ्यासक अ‍ॅना शुल्झ यांनी त्यांवर काम केले आहे.

बायकांचा विषय निघालाच आहे. सिनेगॉगमध्ये त्यांची जागा वरच्या सज्जात. वाचन खाली, पुरुषांत. डॉ. जेरुशा झिराड लंडनला स्त्रीरोगशास्त्रात एम.डी. झाल्या, तिथे उदारमतवादी यहुदी चळवळ त्यांनी जवळून पाहिली, आणि १९२५ मध्ये मुंबईत ‘ज्यूइश रिलिजस युनियन’ उभी केली. पुढे त्यातूनच ‘रोदेफ शालोम’ हे सिनेगॉग झाले. प्रार्थनेतले शब्द समजले पाहिजेत आणि बायका-पुरुष एकत्र बसले पाहिजेत, एवढे साधे मागणे. ते कित्येकांना मानवले नाही. १९६६ मध्ये डॉक्टरीणबाईंना पद्मश्री मिळाली ती वैद्यकातल्या कामासाठी.

जगभरच्या यहुद्यांतही हा प्रश्न नवा नाही. पूर्व युरोपातले यहुदी सिनेगॉगला ‘शूल’ म्हणतात, म्हणजे सरळ शाळाच. तोराचे चोपन्न भाग पाडलेले आहेत, आठवड्याला एक वाचायचा, कधी दोन जोडून. वर्षअखेर शेवटचा भाग संपला की त्याच दिवशी पहिला पुन्हा सुरू होतो, त्यामुळे वर्गाला सुट्टी अशी नाहीच. १९२३ मध्ये मेयर शापिरो नावाच्या रब्बीने आणखी कठीण बेत मांडला : तालमूदचे, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राच्या महाग्रंथाचे, रोज एक पान, सगळ्या जगाने एकच. पाने २,७११, एक फेरी पुरी व्हायला साडेसात वर्षे. आणि १९२० मध्ये फ्रांकफुर्टला तत्त्वज्ञ फ्रान्झ रोझेनझ्वाइग यांनी मोठ्यांसाठी मोकळी शाळा काढली, ती धर्मापासून दूर गेलेल्या शिकल्यासवरल्या जर्मन यहुद्यांसाठी. तिथले विद्यार्थी विसरलेले होते. कोकणातल्यांना विसरायला मुळात मिळालेच नव्हते. तुलना इथे थांबवलेली बरी.

कारण उशिरा शिकण्याची किंमतही या समाजाने मोजली. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. अश्दोद, लोद, दिमोना, बेअरशेवा इथे मराठी घरे झाली. मोठी माणसे ‘उलपान’मध्ये, म्हणजे स्थलांतरितांच्या हिब्रू वर्गात, पुन्हा पाटी घेऊन बसली. पण १९६० च्या सुमारास तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नांआधी वंशाची चौकशी मागितली : शतकानुशतके तुम्हाला नियम ठाऊक नव्हते, तर तुमचे विवाह-घटस्फोट शुद्ध कशावरून? मासळीची टोपली पुन्हा समोर आली. या वेळी बायका-पुरुष निदर्शनांना बसले, आणि १९६४ मध्ये सरकारने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. त्याच इस्राएलमधून पुढे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही निघू लागले.

भारतात आता पाच हजारांच्या आत यहुदी उरले आहेत. महाराष्ट्राने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. मुंबईत एव्हलिन पीटर्स ज्यूइश कम्युनिटी सेंटरसारख्या ठिकाणी मोठ्यांसाठी शिक्षणाचे कार्यक्रम होतात. भायखळ्याच्या मागेन दावीद सिनेगॉगच्या आवारातल्या जेकब ससून शाळेत बहुसंख्य मुले आज मुसलमान आहेत.

वेळापत्रकाची एक अडचण सगळीकडे सारखीच. माणसे शनिवारी सकाळी प्रार्थनेला जमलेली असतात, तेव्हा वर्ग त्याच दिवशी घ्यावा असे कोणालाही वाटेल. पण शब्बाथला काम बंद, आणि लिहिणे हे काम. घाणा थांबायचा तशी पेन्सिलही थांबते. त्यामुळे शनिवारचा पाठ कानांनी घ्यायचा, पुन्हा पुन्हा म्हणायचा आणि टिंब पोटात होते की नव्हते ते ध्यानात ठेवायचे. संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसले की मग वही उघडायला हरकत नाही.