दोष बॅटरीचा की तारेचा?

आमच्या घरी एक जुनी डिझेल जीप होती. तिचा रोग विचित्र. चार दिवस एका चावीत चालू व्हायची आणि पाचव्या दिवशी हूं की चूं नाही. दीड वर्षात तीन बॅटऱ्या बदलून झाल्या. जुलैमधल्या एका रात्री अम्मीला दम लागला. चावी फिरवली. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, इंजिन मात्र ढिम्म! शेजाऱ्याच्या रिक्षातून तिला दवाखान्यात नेले. ती सुखरूप परतली, पण मला चैन पडेना. कवितेची वही मिटून मी हा रोग समजून घ्यायला बसलो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा मूळ आकाराच्या सोळा ते बावीसपट दाबली जाते, ती तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटते. एवढा दाब देत इंजिन फिरवायचे काम सेल्फचे. त्यासाठी त्याला २०० अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह लागतो. आता गंमत पाहा. एखाद्या सैल जोडात एक ओहमचा फक्त शंभरावा भाग रोध असला, तरी २०० अँपिअरला तिथे २ व्होल्ट खर्ची पडतात. पाच अँपिअरच्या दिव्यांना मात्र त्याच जोडाने जेमतेम ०.०५ व्होल्टचा फरक पडतो. म्हणून ‘दिवे लागतात, म्हणजे तारा ठीक’ हा समज खोटा.

पापडीचे एक जुने इलेक्ट्रिशियन चाचा मला म्हणाले, “भाई, आधी मोजा, मग पैसे मोजा.” साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली, १२.२ च्या आसपास तर अर्धी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसावा. तेवढा नसेल तर बेल्ट, अल्टरनेटर आणि जोड तपासा.

लक्षणेही बोलतात. सेल्फ मारताना दिवे अगदी मंदावले, तर बॅटरी किंवा तिचे टर्मिनल. दिवे लख्ख आणि नुसते ‘कट्’, तर सोलेनॉइड, सेल्फ किंवा त्यांचे जोड. सेल्फ जोमात फिरतो पण इंजिन पेटत नाही, तर विजेचा संशय थोडा बाजूला ठेवा. डिझेलच्या नळीत हवा शिरली असेल, किंवा गाडीत हीटर प्लग असतील तर ते गेले असतील. संध्याकाळी ठीक आणि सकाळी बॅटरी उतरलेली, तर कुठेतरी वीज गळते आहे. पाच वॉटचा एक विसरलेला दिवा दहा तासांत ४ अँपिअर-तास खातो, आठवडाभरात सत्तरच्या घरात. गाडीत सगळे बंद असताना ५० मिलीअँपिअरहून जास्त प्रवाह वाहत असेल, तर एकेक फ्यूज काढून चोर शोधावा. हा प्रवाह मोजताना मीटर मध्ये जोडलेला असतो, तेव्हा सेल्फ मात्र मारू नका.

आता आमच्या जीपचे. चाचांनी मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावली आणि मला चावी फिरवायला सांगितली. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा हवा होता, निघाले चार! इंजिन रबरी गाद्यांवर बसलेले असते, म्हणून चेसिसपासून इंजिनपर्यंत तारांची एक वेणी जोडलेली असते. आमची वेणी गंजून तुटत आली होती. धक्क्याने कधी जुळायची, कधी सुटायची. दिव्यांची वाट वेगळी, म्हणून ते लख्ख. अल्टरनेटरचा प्रवाहही याच वेणीवाटे बॅटरीकडून परततो, म्हणून तिन्ही बॅटऱ्या अर्धपोटी राहिल्या. अपराधी वेणी, शिक्षा बॅटऱ्यांना!

वसईसारख्या किनाऱ्यावर खारी हवा आणि पाऊस मिळून हे काम फार लवकर उरकतात. तेव्हा पावसाळ्याच्या आधी आणि नंतर टर्मिनल व अर्थिंगचे जोड उघडून घासा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवा. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. जोड घट्ट आवळल्यावर वरून व्हॅसलीन लावा. काढताना ऋण केबल आधी, जोडताना शेवटी. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको. सेल्फ मारून पाहताना गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असू द्या.

आणि सर्वांत महत्त्वाचे, कधीमधी होणारा बिघाड गाडी बिघडलेली असतानाच मोजा. चालू झाली की आपण सुटलो म्हणतो आणि निघून जातो. तिथेच चुकते.

आमची वेणी बदलायला बॅटरीच्या मानाने किरकोळ खर्च आला. त्यानंतरचे दोन पावसाळे जीप एका चावीत चालू होत राहिली. अम्मी तिच्यात बसताना दर वेळी विचारायची, “वेणी नीट घातली ना रे?”