माशांचा जिना

स्कॉटलंडात टमेल नदीकाठी पिटलॉक्री नावाचं एक लहानसं गाव आहे, आणि लांबलांबची माणसं तिथे मुद्दाम एक जिना बघायला येतात. पण मंडळी, तो जिना माणसांचा नाही, माशांचा आहे बरं का!

आपल्याकडे मृगाचा पाऊस झाला की ओढ्याला चढणीचे मासे लागतात, तसाच तिथला सॅल्मन, फक्त त्याची चढण सुरू होते ती थेट समुद्रातून. हा जन्मतो नदीच्या गोट्यांत, दोन-तीन वर्षं तिथेच वाढतो, मग अंगावर चांदी चढली की खाली वाहत पार ग्रीनलंडच्या बाजूला जातो, खाऊनपिऊन दांडगा होतो आणि एक दिवस माहेरची ओढ लागल्यागत माघारी फिरतो. नदीच्या मुखाशी आला की जन्मजागेच्या पाण्याचा वास धरून वर निघतो, आणि गंमत अशी, की गोड्या पाण्यात शिरल्यावर अन्नाला शिवत नाही. सारी वाट समुद्रात साठवलेल्या चरबीवर!

अशा नदीवर विजेसाठी धरण घातलं, ते 1951 साली पुरं झालं. मग माशांनी जायचं कुठून? म्हणून बांधणाऱ्यांनी कडेनं 310 मीटर लांबीची 34 हौदांची वाट काढली. प्रत्येक हौद मागच्याहून हातभर उंच, मधल्या भिंतीत पाण्याखाली भोक, आणि दमल्या जिवाला टेकायला तीन हौद मोठे.

तिथून थोडं वर किलीक्रँकीची घळ लागते. 1689 च्या लढाईत हरलेला एक शिपाई, पाठीवर शत्रू आलेला बघून, गॅरी नदीवरून अठरा फूट उडी मारून सुटला, असं सांगतात. तो पळत होता जीव वाचवायला. सॅल्मन चढतो वंश वाढवायला. वर पोचली की मादी आडवी होऊन शेपटीनं गोटे उडवते, खळग्यात अंडी घालते आणि वरून पुन्हा गोटे लोटून ती झाकते. त्यानंतर बहुतेक मासे दमून मरतात, थोडेच पुन्हा समुद्र गाठतात.

हल्ली हा मासा समुद्रातूनच कमी परततो, त्याला जिना पुरा पडत नाही. तरी एवढं ध्यानात ठेवा: नदी अडवायचीच झाली, तर तिच्या वाटेनं कोण जातं-येतं ते आधी बघावं, आणि त्याची वाट राखूनच पहिला दगड लावावा.