कागदांची ट्रंक आणि ‘क्लाऊड’

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. घराघरांतील पत्र्याच्या ट्रंका भिजल्या, त्यांतल्या कागदांचा लगदा झाला. जातीच्या दाखल्यासाठी आपल्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेचा तो जीर्ण उतारा गेला की किती खेटे घालावे लागतात, हे वाचक बंधू-भगिनींना सांगायला नको.

म्हणून हल्ली जो तो सांगतो, ‘क्लाऊडवर ठेवा.’ क्लाऊड म्हणजे ढग. पण कागद काही आभाळात जात नाहीत. कुठल्याशा कंपनीच्या इमारतीतील मोठ्या संगणकांवर ते राहतात, आणि इमारतीला आगही लागते. चिपळूण बुडाले त्याच वर्षी, मार्चमध्ये, फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीची अशी इमारत जळाली. ज्यांची दुसरी प्रतही तिथेच होती, त्यांची माहिती कायमची गेली.

सरकारचे डिजिलॉकर २०१५ पासून आहे. त्यात एक भेद ओळखावा. बोर्डाने वा खात्याने थेट त्यात दिलेल्या गुणपत्रिकेला, दाखल्याला २०१७ च्या नियमांनुसार मूळ कागदाचा दर्जा आहे. आपण फोटो काढून चढवलेला कागद मात्र नुसती झेरॉक्स. अनेक घरांत हा घोळ अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी कळतो!

खरी किल्ली मोबाईल नंबरची. मुलगा मुंबईला कामाला गेला, सिम बदलले, आधारला नंबर जुनाच. मग ओटीपी येणार कुठे? नंबर बदलला की आधी आधार केंद्र गाठावे.

गूगलची फुकट जागा १५ जीबी. मेल, फोटो, ड्राईव्ह सर्व त्यातच. लग्नाच्या व्हिडिओंनी ती भरली की नवी मेल येणे थांबते, त्यात नोकरीच्या मुलाखतीचे पत्रही असू शकते. गूगल फोटोजमधून फोनवरचा फोटो पुसला तर क्लाऊडवरचाही जातो. दोन वर्षे खाते उघडलेच नाही तर कंपनी ते काढून टाकू शकते. आईच्या नावाचे खाते अधूनमधून उघडत जावे.

जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडात कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी क्लाऊड काय कामाचा? मूळ कागद जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवावेत, आणि झेरॉक्सचा एक संच मुंबईच्या नातेवाइकांकडे द्यावा.