गाण्याआधीचं निवेदन

कॅसेटच्या पाठीवर दोन्ही टोकांना नखाएवढी एकेक पट्टी असते. ती मोडली की त्या बाजूवर पुन्हा काही टेप होत नाही. आहे ते राहतं. मी अशी पट्टी पहिल्यांदा मोडली १९८६ च्या पावसाळ्यात. माझ्या संग्रहाची सुरुवात मी तिथूनच धरतो.

आमचं घर आंबेनळी घाटाच्या पायथ्याला, पोलादपूर तालुक्यात. काका लालबागला गिरणीत होते. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला, लांबत गेला, आणि पुढच्या वर्षी काका वळकटी आणि एक जुना टू-इन-वन घेऊन कायमचे गावी आले. मुंबईतली सवय सुटली नव्हती. संध्याकाळी सेट ओट्यावर यायचा, आकाशवाणीचं मुंबई 'ब' केंद्र लागायचं. 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकेतले प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी चाळीत एकाच वेळी किती खोल्यांतून ऐकू यायचे, हे काका रंगून सांगायचे.

आमच्याकडे रेडिओ लावणं म्हणजे डोंगराशी बोलणी करणं. दिवसा मुंबई बरं लागे, पुणे मात्र सह्याद्रीपलीकडे राही. अंधार पडला की पुणे स्वच्छ व्हायचं, मागून कुठली कुठली केंद्रं डोकावायची. आकाशातला जो थर दिवसा मध्यम लहरी शोषून घेतो तो रात्री विरतो, लहरी वर जाऊन परत खाली येतात आणि डोंगर ओलांडतात, हे मला पुष्कळ पुढे समजलं. पुढे एफएम आलं, पण त्या लहरी सरळ रेषेत जाणाऱ्या. त्या ऐकायला घाट चढून प्रतापगडच्या बाजूला जावं लागे.

काकांनी 'आपली आवड'ला एक पोस्टकार्ड टाकलं होतं. ते वाचलं गेलं त्या रात्री त्यांनी बोटं बटणांवरच ठेवली होती. श्रोत्यांच्या नावांची यादी झाली, सगळ्यात शेवटी काकांचं नाव आणि पोलादपूर, मग गाणं. आजी आतून ओरडली, "अरं, पोलादपूर म्हनला त्यो!" ती कॅसेट घरात पुढे कितीदा लागली असेल!

मी तेव्हा कॉलेजात. गाणी नीट एका कॅसेटवर आणायची म्हणून महाडला एका दुकानात बसून ती भरून घेतली. निवेदनं गाळली, गाणी तेवढी घेतली, आणि मोकळ्या झालेल्या जुन्या कॅसेटवर दुसरं काहीतरी टेप केलं. काकांनी रविवारी गाण्याची कॅसेट मागितली. गाणं सुरू झालं. त्यांनी मागे फिरवून पाहिलं, पुन्हा मागे फिरवलं. मग म्हणाले, "असू दे. परत वाचतील कधीतरी." पुन्हा त्यांचं पत्र लागलं नाही. ती नवी कॅसेट नंतर मी लावली नाही.

गाणं बाजारात मिळतं, तबकडीवर असतं, शेजारी असतं. ते गाणं लागण्याआधी कोणी कोणाची नावं वाचली, ते एकदाच होऊन जातं. खुद्द केंद्रांवरही टेप महाग असल्याने पुसून पुन्हा वापरल्या जात. मुंबईत १९९० मध्ये तबकड्या जमवणाऱ्यांची संस्था उभी राहिली. त्या मंडळींबद्दल मला फार आदर आहे. पण तबकडीच्या प्रती निघतात, आज ना उद्या एखादी सापडते. पुणे केंद्राने १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर 'गीतरामायण' लावलं. गदिमांची ती ५६ गीतं बाबूजींच्या आवाजात आज घरोघर आहेत. मला त्या पहिल्या शुक्रवारच्या सकाळचं निवेदन ऐकायचं असतं.

म्हणून मी कार्यक्रमांमधले सांधे टेप करत गेलो. केंद्र उघडतानाची वॉल्टर कॉफमन यांची धून, संस्कृत बातम्या, मच्छीमारांना इशारा, पुण्याच्या प्रादेशिक बातम्या. त्यांत वळवाच्या विजेची खरखर आहे, पिठाची गिरणी सुरू झाल्यावरची घरघर आहे. आधी ती गाळण्याची धडपड केली; आता ठेवतो, कारण त्यावरून वेळ आणि महिना ओळखता येतो. आमच्या हवेत कॅसेटला बुरशी फार. तांदळाच्या रिकाम्या डब्यात, चुन्याच्या पुरचुंडीसोबत त्या ठेवल्या. तरी काही गेल्याच.

२६ जुलै २००५ च्या पुरात वीज गेली, फोन गेले. उन्हात तापवून पुन्हा चालणारे सेल त्या आठवड्यात तापवायलाही ऊन नव्हतं. उरलेल्या सेलवर मी बातम्या टेप केल्या. दरडींखाली गेलेली जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन. आमच्या माहेर-सासरची, सोयरिकीची गावं एकामागून एक, सावकाश, स्पष्ट उच्चारत वाचलेली. ती कॅसेट अजून मला पूर्ण ऐकवत नाही. २०२१ च्या जुलैत दरडीखाली गेलेलं तळिये मी मोबाइलवर पाहिलं. दरडींनी आंबेनळी घाटही बंद झाला होता. त्या वेळी टेप करायचं सुचलंही नाही, याचं वाईट वाटतं.

आता एकेक कॅसेट संगणकावर उतरवतो. हेड स्पिरिटने पुसायचं, फीत पेन्सिलीने घट्ट करायची, मग लावायची. गेल्या हिवाळ्यात काकांच्या गाण्याच्या त्या कॅसेटची पाळी आली. काका जाऊन बरीच वर्षं झाली. महाडच्या दुकानात बटण जरा आधी दाबलं गेलं असावं. फीत सरकली, आधी खर्रर्र झालं, मग निवेदकाच्या आवाजात एवढंच आलं, "...दपूर", आणि गाणं सुरू झालं.