पायी अंतराचा हिशेब

बालाघाटच्या पठारावरचं घाटनांदूर हे बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यातलं मोठं गाव. परळी–लातूर रोड लोहमार्गावर त्याचं स्टेशन आहे, गावात कॉलेज आहे. तालुक्याला, अंबाजोगाईत, आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ओळखलं जाणारं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय सत्तरच्या दशकापासून उभं आहे. अशा मुलखात उपचारांची वानवा नसावी. पण हा हिशेब गाडीचा झाला. तांड्यावरची, शेतवस्तीवरची बाई पायी निघते.

सरकारी निकषानुसार सपाट प्रदेशात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० आणि २०,०००. यात माणसं मोजली जातात, त्यांची वाट नाही. केंद्र गावठाणात, वस्ती शिवारात, आणि मधे पाणंद. पाऊस झाला की काळ्या रानात पाऊल रुततं. चपला हातात, लेकरू कडेवर, अशी ती ओढ्यापर्यंत येते आणि पाणी उतरायची वाट पाहते. घरात मोटारसायकल असली तरी ती कर्त्या पुरुषाकडे. गरोदरपणाच्या तपासणीला जायचं तर तिचा रोज बुडतो, सोबत येणाऱ्या सासूचाही. मग तपासणी पुढच्या महिन्यावर जाते.

पंतप्रधान ग्रामसडक योजना २००० साली आली आणि गावं डांबरी रस्त्यानं जोडली गेली. फार मोठं काम झालं. पण वाहनांचा वेग वाढला आणि पायी माणूस साईडपट्टीवर ढकलला गेला. तीही खचलेली, नाहीतर बाभळीनं भरलेली. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली, त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. शहरांत मात्र पायी चालणाऱ्याचा विचार होतो. पुणे महापालिकेनं २०१६ मध्ये पादचारी धोरण केलं. पॅरिसनं २०२० च्या सुमारास घरापासून १५ मिनिटांत शाळा, दुकान, दवाखाना असावा हे ध्येय ठेवलं. जिथे चालणं ही निवड आहे, तिथे त्याची आखणी होते. जिथे चालण्यावाचून गत्यंतर नाही, तिथे ग्रामपंचायतीच्या आराखड्यात पाणंदीवरचा मोरीपूलसुद्धा मागे पडतो. मला ही विषमता सगळ्यात जास्त खुपते.

बीड जिल्ह्यात या विषमतेचं आणखी कठोर रूप दिसतं. दिवाळीच्या आसपास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. कारखान्याच्या पट्ट्यात फडाजवळ त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. तिथे ना संडास, ना न्हाणी. पाळी असो वा ताप, खाडा केला तर पैसे कापले जातात. गावच्या आशाताईच्या नोंदवहीत ही बाई गैरहजर, आणि जिथे ती राबते तिथल्या उपकेंद्राच्या लोकसंख्येत ती नाहीच. दुखणं अंगावर काढून परत आल्यावर खासगी दवाखान्यात गर्भाशय काढून एकदाच काय ते उरकायचं, हा सल्ला मग पटतो. २०१९ मध्ये हे प्रकरण राज्यभर गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. यामागे दवाखान्यांचा नफा आहे, मुकादमी आहे, गरिबी आहे. पण साध्या अंगावरून पाणी जाण्याच्या तक्रारीसाठी चालत गाठता येईल असं विश्वासाचं माणूस नसणं, हेही आहे.

असं माणूस उभं करता येतं, हे बीडच्या शेजारीच सिद्ध झालंय. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं. गावातल्याच, बहुतेक कमी शिकलेल्या बायांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. बाळंतपण, लसीकरण, पोषण, स्वच्छ पाणी हे सारं घरापासून चार पावलांवर आलं.

घाटनांदूरसारख्या गावात आशाताईंना प्रत्येक वस्तीची पायवाट तोंडपाठ असते: कुठे ओढा आडवा येतो, कुठे अंधार, कुठे कुत्री. ग्रामसभेनं त्यांच्याकडून पावसाळ्यातली चालण्याची मिनिटं लिहून घ्यावीत आणि आधी मोरी कुठे, दिवा कुठे, उपकेंद्राची फिरती कुठे हे त्यावरून ठरवावं. कारखान्यांनीही गाळपाआधी कोप्यांच्या जागा कळवाव्यात, म्हणजे तिथल्या आरोग्यसेविकेला पहिल्याच आठवड्यात तिथवर जाता येईल.