वीस रुपयांचा अग्रक्रम

मे महिन्याचा शेवटचा आठवडा हा मालवणच्या किनाऱ्यावर हिशेबाचा आठवडा असतो. १ जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद, किल्ल्यावरची होडी वाहतूक थांबायच्या बेतात, तारकर्ली-देवबागच्या वाळूतले वॉटर स्पोर्ट्सचे तंबू उतरवायला घेतलेले. हंगामभराची उचल वजा होते, उरलेला पगार हातात पडतो आणि मग पाऊस लागतो. या हिशेबात सोळा-सतरा वर्षांच्या पोराची पाळी सगळ्यात शेवटी येते. पर्यटकांच्या अंगावर लाइफ जॅकेट बांधणारा, खानावळीत ताटं पोचवणारा, होम-स्टेच्या खोल्या झाडणारा हा पोरगा. मालकाचा धंदा त्याच वर्षी बुडाला, तर ‘पुढच्या हंगामात बघूया’ एवढंच त्याच्या पदरात पडतं आणि घरचेही ते पैसे गेले असं धरून चालतात. हे धरून चालणंच मला चुकीचं वाटतं. बँकेनं मालकाला पैसे दिले ते जोखीम मोजून, तारण घेऊन, व्याज लावून. डिझेलवाल्यानं उधारी दिली ती नफा धरून. पोरानं मालकाला कर्ज दिलेलं नसतं, त्यानं फक्त काम केलेलं असतं. म्हणून त्याचा पगार धनकोंच्या रांगेत उभा न करता रांगेबाहेरून आणि लवकर वसूल करायला हवा. तसा रस्ता कायद्यात बऱ्याच अंशी आहे, पण तो नेमका कुठे तुटतो तेही पाहायला हवं.

मालक म्हणजे नोंदणीकृत कंपनी असेल, समजा प्रायव्हेट लिमिटेड रिसॉर्ट, तर २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता लागू होते आणि प्रकरण मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे जातं. थकबाकी एक कोटीच्या खाली असेल तर मार्च २०२० पासून अशी प्रक्रिया सुरूच करता येत नाही, त्यामुळे एकट्या कामगाराला ते दार बंद आहे. पण बँकेनं ती सुरू केली असेल, तर कामगार आपला कितीही लहान रकमेचा दावा ‘फॉर्म डी’मध्ये ती प्रक्रिया चालवायला नेमलेल्या व्यावसायिकाकडे देऊ शकतो. कंपनी अवसायनात निघाली, तर प्रक्रियेचा खर्च भागल्यावर कामगारांची शेवटच्या चोवीस महिन्यांची थकबाकी, तारणावरचा ताबा सोडलेल्या बँकांच्या बरोबरीनं येते. ही जागा आपोआप मिळालेली नाही. कंपनी गुंडाळताना कामगारांचं म्हणणं ऐकलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९८२ मध्ये सांगितलं आणि कंपनी कायद्याच्या १९८५ च्या दुरुस्तीनं त्यांची थकबाकी बँकांच्या पंक्तीला बसली. १९८२ हेच मुंबईच्या गिरणी संपाचं वर्ष. गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालणारी घरं कोकणात गावोगाव होती, त्यामुळे बंद पडलेल्या मालकाकडून पगार सुटण्याचा प्रश्न या जिल्ह्याला नवा नाही. मात्र एक अडचण इथेही आहे. प्रक्रिया सुरू होताच कंपनीविरुद्धचे इतर दावे थांबतात, आणि दावे मागवणारी जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते. देवबागच्या पोराच्या नजरेला ती पडणं कठीणच.

पण किनाऱ्यावरचे बहुतेक मालक कंपनी नसतात. एकट्याच्या नावावरचा धंदा किंवा दोन भावांची भागीदारी, हेच इथलं चित्र. नव्या संहितेतला व्यक्ती आणि भागीदारी संस्थांबद्दलचा भाग अजून लागू झालेला नाही. कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता तो १ डिसेंबर २०१९ पासून अमलात आला, एवढंच. बाकी सगळ्यांना मुंबई शहराबाहेर आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदा लागू आहे. त्याच्या ६१व्या कलमात नोकर-मजुरांच्या पगाराला अग्रक्रम दिलेला आहे. किती? अर्ज दाखल होण्याआधीच्या चार महिन्यांतल्या कामाबद्दल, सगळे मिळून वीस रुपयांपर्यंत. शंभर वर्षांपूर्वी त्या रकमेला काही अर्थ होता. आज एखाद्या पोराचे महिना आठ हजारांनी चार महिने थकले असतील, तर बत्तीस हजारांपैकी वीस रुपये आधी आणि बाकीचे इतर उधारीवाल्यांबरोबर, हातात जे पडेल ते.

म्हणून माझं म्हणणं असं, की मालक नादार ठरण्याची वाट बघू नये. मालवणात दिवाळं सहसा कोर्टात निघतच नाही; शटर खाली येतं, फोन उचलला जात नाही, झालं. मालक नादार ठरेपर्यंतचा हा काळ पोराच्या फायद्याचा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार धंदा बंद पडून काम गेलं, तर दोन कामाच्या दिवसांत सगळा पगार चुकता करावा लागतो. तो न दिल्यास या संहितेखालच्या प्राधिकाऱ्याकडे तीन वर्षांच्या आत अर्ज करता येतो. थकलेल्या रकमेच्या दहा पटीपर्यंत भरपाईही मिळू शकते. पगार दिला हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. तरीही त्यानं पैसे भरले नाहीत, तर वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. एकट्याच्या धंद्यात मालक आणि धंदा कायद्यानं वेगळे नसतात, म्हणून त्याची होडी, गाडी, जमीन सगळंच वसुलीच्या आवाक्यात येतं. कंपनीचा आडोसा नसलेला छोटा मालक पोराच्या दृष्टीनं उलट बरा. पण जिल्हा न्यायालयानं त्याला एकदा नादार ठरवलं, की परवानगीशिवाय त्याच्यावर दावा करता येत नाही. म्हणून घाई करायची.

यावर पहिली शंका येते ती वयाची. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन व्यक्तीचा करार मुळातच रद्द, हे १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलनं पक्कं केलं, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा १९४९ साली छापून आलेला राजरानी विरुद्ध प्रेम अदीब हा निकाल तर मालकांच्या बाजूचाच वाटतो. अल्पवयीन अभिनेत्रीला दिलेली भूमिका निर्मात्यानं दुसरीला दिली. करार वडिलांनी केला होता. न्यायालय म्हणालं, करार मुलीचा असेल तर ती अज्ञान, आणि वडिलांचा असेल तर त्याला मोबदलाच नाही. मुलीला काही मिळालं नाही. पण तिथे भांडण न मिळालेल्या कामाचं होतं. आपला पोरगा करून झालेल्या कामाचे पैसे मागतो आहे. करार कायद्याचं ७०वं कलम सांगतं, की फुकट नव्हे अशा हेतूनं एखाद्यानं काम केलं आणि दुसऱ्यानं त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्यानं भरपाई द्यावी. वेतन संहितेतल्या ‘कर्मचारी’ शब्दाला वयाची अट नाही. दिवाणी दाव्यात तर वय पोराच्या बाजूनं आहे: त्याच्यासाठी मुदतीचं घड्याळ अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर सुरू होतं, म्हणजे एकविसाव्या वर्षापर्यंत त्याला वेळ असतो.

दुसरी शंका भीतीतून येते. चौदा ते अठरा वयाच्या मुलाला संध्याकाळी सातनंतर कामाला ठेवता येत नाही, विश्रांती धरून सहा तासांवर राबवता येत नाही. खानावळीची खरी गर्दी रात्रीची. मग तक्रार केली तर ‘तू तरी तिथे कसा होतास’ असं विचारतील का? तास मोडले त्याचा गुन्हा मालकाचा. कायद्यात मुलाला शिक्षा नाही. रात्री आठला वाढलेल्या ताटाचा पगार बेकायदा ठरवला, तर नियम मोडणाऱ्या मालकाला तो मोडल्याबद्दल बक्षीसच मिळेल. राहिला पुरावा. हजेरीपत्रक नसतं, खरं आहे. पण मोबाईल असतो. ‘उद्या सातला ये, ग्रुप आहे’ हा मालकाचा संदेश, दर शनिवारी त्याच्या क्रमांकावरून आलेले पाचशे रुपये, तंबूच्या पाटीसमोर जॅकेटांचा ढीग हातात धरून काढलेला फोटो, खिशातल्या वहीत पेन्सिलनं टिपलेल्या फेऱ्या आणि उचल. एवढ्यावर कामाचे महिने उभे राहतात. मोबाईल बदलण्याआधी त्या संदेशांच्या प्रती काढून ठेवाव्यात. वकिलाची फी अडसर नाही, कारण १९८७ च्या कायद्यानुसार मुलांना मोफत विधी साहाय्य मिळतं, घरचं उत्पन्न कितीही असो.

तिसरी शंका मला सगळ्यात जड वाटते, कारण ती खरी आहे: मालकही बुडालेला असतो. २०२० आणि २०२१ चे उन्हाळे टाळेबंदीत गेले, त्यावर मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं. ज्याची होडीच फुटली त्याच्या घरावर वसुली न्यायची? त्याच्याकडे नसेल तर कायद्याचं कुठलंही कलम पैसे निर्माण करत नाही. म्हणूनच जगात बऱ्याच ठिकाणी हा भार मालकावर किंवा कामगारावर ठेवलेला नाही. ब्रिटनमध्ये मालक नादार झाला तर राष्ट्रीय विमा निधीतून मर्यादेपर्यंत आठ आठवड्यांचा थकलेला पगार मिळतो, जर्मनीत तीन महिन्यांचा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९९२ मध्ये याच विषयावर १७३ क्रमांकाचा करार केला. भारतानं तो स्वीकारलेला नाही. असा निधी म्हणजे धंद्यांवर नवा बोजा, असं म्हणतील. पण निधीची चौकट आपल्या कायद्यात आधीच आहे. बालमजुरी कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनं प्रत्येक जिल्ह्यात, किंवा काही जिल्हे मिळून, बाल व किशोर कामगार पुनर्वसन निधी ठेवायला सांगितलं आहे. मालकाकडून वसूल झालेला दंड त्यात जातो आणि अशा प्रत्येक मुलामागे सरकार पंधरा हजार रुपये घालतं. म्हणजे मालकाला दंड झाला तरच हा निधी जागा होतो. कायदेशीरपणे ठेवलेल्या, पण पगार बुडालेल्या पोरासाठी त्यात काही नाही. प्राधिकाऱ्याचा आदेश होताच तीन महिन्यांचा पगार या निधीतून आगाऊ द्यावा आणि वसुलीचा हक्क निधीकडे राहावा, एवढी दुरुस्ती पुरे आहे. मग पोराला पैसे कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवसांत मिळतील, आणि मालकाकडची वसुली नारळी पौर्णिमेनंतर, त्याची होडी पुन्हा पाण्यात गेल्यावर, हप्त्यांनी करता येईल.